रेषाखंडाचे पाच भाग होतात, मग कोनाचे तीन का होत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पट्टी आणि कंपास घेऊन रेषाखंडाचे हवे तितके समान भाग करता येतात. कोनाचे दोन, चार, आठ भागही होतात. मग तीन का होत नाहीत? प्रश्नकर्त्याने ४०° चा कोन घेतला, दोन्ही भुजांवर सारखं अंतर मोजून बिंदू घेतले, ते जोडले, त्या रेषाखंडाचे तीन समान भाग केले आणि भागबिंदू शिरोबिंदूला जोडले. कोनमापकाने तिन्ही कोन जवळपास सारखे दिसले. ‘यात चूक कुठे आहे?’ असं विचारलं आहे.

चूक आहे, आणि ती फार शिकवणारी चूक आहे. मी अनेक वर्षं भूमिती शिकवतो. स्वतःच्या डोक्याने विचार करणारे विद्यार्थी कधी ना कधी हीच आकृती काढून आणतात, आणि मला ती पाहून बरं वाटतं, कारण त्यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलेलं असतं. म्हणून उत्तर जरा लांबवर देतो. आधी दोन भाग, मग रेषाखंडाचे कितीही भाग, आणि मग कोन.

सगळ्याचं सार हे: दोन समान भाग करणं हे सममितीचं काम आहे, आणि सममिती रेषाखंडालाही आहे, कोनालाही आहे. तीन, पाच, सात भाग करणं हे प्रमाणाचं काम आहे. रेषाखंडाला प्रमाण वाहून नेणाऱ्या समांतर रेषा मिळतात. कोनाला तसं काही मिळत नाही.

रेषाखंड अब दुभागायचा. अ केंद्र घेऊन अबच्या निम्म्याहून मोठ्या त्रिज्येने वर आणि खाली कंस काढायचे, तीच त्रिज्या ठेवून ब केंद्र घेऊन कंस काढायचे, छेदनबिंदू क आणि ड जोडायचे. ही लंबदुभाजकाची रचना सगळ्यांना पाठ असते. पण ‘निम्म्याहून मोठी’ म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही, आणि आकृती बिघडते ती तिथेच. समजा अब ८ सेंमी आहे आणि त्रिज्या ४.२ सेंमी घेतली. क आणि ड यांच्यातलं अंतर जेमतेम अडीच सेंमी येतं आणि कंस एकमेकांना घासत जातात, त्यामुळे छेदनबिंदू नेमका कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. मध्यबिंदू कदाचित बरा येईल, पण इतक्या जवळच्या दोन बिंदूंतून लांब रेषा काढली की ती तिरकी होते आणि लंब हातचा जातो. त्रिज्या अबच्या सुमारे ०.७ पट घ्या, म्हणजे ८ सेंमीला साडेपाच ते सहा. तेवढ्याला कंस एकमेकांना जवळजवळ काटकोनात छेदतात आणि छेदनबिंदू टोकदार मिळतो.

रचना बरोबर का आहे? क हा अ आणि ब पासून सारख्या अंतरावर आहे, डही तसाच. त्रिकोण अकड आणि बकड बाबाबा कसोटीने एकरूप होतात, म्हणून कड ही रेषा आकृतीची आरशाची रेषा ठरते. कागद कड वर दुमडला तर अ बरोबर ब वर पडतो. दुभाजनात याहून वेगळं काहीच घडत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. क आणि ड साठी त्रिज्या सारखीच असायला हवी असं नाही. क साठी दोन्ही बाजूंनी ६ आणि ड साठी दोन्ही बाजूंनी ९ घेतली तरी चालतं. रेषाखंड कागदाच्या तळाशी असेल आणि खाली जागाच नसेल, तर दोन्ही छेदनबिंदू वरच्याच बाजूला, दोन वेगळ्या त्रिज्यांनी घ्या. रेषाखंड कंपासच्या आवाक्याबाहेर लांब असेल, तर दोन्ही टोकांकडून सारखी अंतरं आत या आणि मधला उरलेला तुकडा दुभागा. मध्यबिंदू तोच राहतो.

कोनाचं दुभाजन म्हणजे याच आरशाचा दुसरा उपयोग. शिरोबिंदू म, दोन्ही भुजांवर म पासून सारख्या अंतरावर अ आणि ब, मग अ व ब केंद्र घेऊन सारख्या त्रिज्येचे कंस, आणि छेदनबिंदू म ला जोडायचा. युक्लिडने ‘मूलतत्त्वे’च्या पहिल्या पुस्तकात कोनाचं दुभाजन नवव्या विधानात दिलं आहे आणि रेषाखंडाचं दहाव्यात, तेही नवव्याचा आधार घेऊन. त्याला या दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या, आणि त्या एकच आहेत. हातासाठी एवढंच लक्षात ठेवा की अ आणि ब म च्या फार जवळ घेऊ नका. दोन सेंमीवर घेतलेल्या बिंदूत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर दहा सेंमी अंतरावर ती अडीच मिलिमीटर होते.

कोनाचा शिरोबिंदू कागदाबाहेर गेला असेल तर? दोन्ही भुजांना आतल्या बाजूने सारख्याच अंतरावर समांतर रेषा काढा. त्या कागदावर जिथे छेदतात तिथला कोन दुभागा. हा दुभाजक मूळ कोनाचाच दुभाजक असतो, कारण त्यावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही भुजांपासून सारख्या अंतरावर आहे.

आता रेषाखंडाचे पाच भाग. नेहमीची रीत अशी: अ मधून अबशी लघुकोन करणारा एक किरण काढायचा, त्यावर कंपास न हलवता पाच सारखी पावलं टाकायची, पाचवा बिंदू ब ला जोडायचा आणि बाकीच्या चार बिंदूंतून या जोडरेषेला समांतर रेषा काढायच्या. त्या अबला पाच समान भागांत छेदतात. मागे प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आहे: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. किरणावरची समानता समांतर रेषांवर बसून जशीच्या तशी अबवर उतरते. किरण कोणता घेतला, पाऊल किती लांब टाकलं, याने काही फरक पडत नाही.

हे कागदावरच्या सत्याबद्दल झालं. पेन्सिलीला मात्र फरक पडतो. अब १२ सेंमी आहे, किरण ३०° चा आहे आणि पावलं १ सेंमीची टाकली असं समजा. पाचवा बिंदू ब पासून फार मागे राहतो आणि जोडरेषा अबला सुमारे १८° च्या कोनात भेटते. अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेषा इतक्या उताराने आली की अबवर तिचा ठसा दीड मिलिमीटरहून लांब पडतो. मग भागबिंदू त्यात नेमका कुठे धरायचा? तेच पाऊल २.४ सेंमीचं घेतलं तर जोडरेषा अबला ७५° ने भेटते आणि ठसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून मी नेहमी सांगतो, अपेक्षित भागाचा अंदाज घ्या आणि पाऊल साधारण तेवढंच किंवा थोडं मोठं टाका. किरण ३० ते ४५ अंशांत ठेवा.

समांतर रेषा काढायला गुण्या आणि पट्टी हे सगळ्यात सोपं, पण पाच वेळा गुण्या सरकवताना तो एकदा तरी हलतो. मला स्वतःला दोन किरणांची रीत जास्त आवडते. अबच्या वर कुठेही बिंदू क घ्या. अ केंद्र घेऊन बक एवढ्या त्रिज्येचा आणि ब केंद्र घेऊन अक एवढ्या त्रिज्येचा कंस अबच्या खालच्या बाजूला काढा. ते छेदतात तो ड. अकबड हा समांतरभुज चौकोन झाला, म्हणजे किरण अक आणि किरण बड समांतर आहेत, कोन मोजायची गरजच पडली नाही. आता पाच भागांसाठी दोन्ही किरणांवर प्रत्येकी चार सारखी पावलं टाका. अ कडचा पहिला बिंदू ब कडच्या चौथ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा दुसऱ्याला, चौथा पहिल्याला जोडा. चार सरळ रेषा, चार भागबिंदू, आणि एकही समांतर रेषा वेगळी काढावी लागत नाही.

इथे मोजणीची चूक फार होते. एका किरणाच्या रीतीत पाच भागांसाठी पाच पावलं लागतात, दोन किरणांच्या रीतीत चार. वह्यांमध्ये एका किरणावर चारच पावलं टाकलेली आणि चौथा बिंदू ब ला जोडलेला मी कितीदा पाहिला आहे. मुलाने सुरुवातीचा अ सुद्धा ‘एक’ म्हणून मोजलेला असतो. मग तोंडाने पाच म्हणताना कागदावर चारच भाग होतात. कधी दुसऱ्या बाजूने चुकतं: भाग पाच हवेत म्हणून दोन्ही किरणांवर पाच-पाच पावलं टाकली जातात आणि पहिला पाचव्याला जोडला जातो, तेव्हा सहा भाग पडतात. बिंदूंना नावं देताना अ ला शून्य क्रमांक द्यायची सवय लावली की हे थांबतं.

हीच कल्पना कारागीर बिनकंपासची वापरतात. १७ सेंमी रुंद फळीचे पाच सारखे पट्टे करायचे आहेत. १७ ला ५ ने भागून ३.४, ६.८ अशा खुणा करत बसण्यापेक्षा पट्टीचा शून्य एका कडेवर ठेवा आणि पट्टी तिरकी करत २० चा आकडा दुसऱ्या कडेवर आणा. आता ४, ८, १२, १६ वर खुणा करा आणि त्यांतून कडेला समांतर रेषा ओढा. रुंदीपेक्षा मोठी आणि पाचाने सहज भागली जाणारी संख्या निवडायची, बस. रेघी वहीचा कागदही हेच काम करतो. कागदाच्या पट्टीचं एक टोक एका रेघेवर आणि दुसरं त्यानंतरच्या पाचव्या रेघेवर ठेवलं की मधल्या चार रेघा तिला पाच भागांत छेदतात.

आता तुमची आकृती. शिरोबिंदू म, मअ = मब, आणि अबवर प आणि फ असे बिंदू की अप = पफ = फब. दावा असा की कोन अमप, पमफ आणि फमब सारखे आहेत.

कोन ४०° चा होता म्हणून फसगत झाली. प्रत्यक्षात तिथे बाजूचे दोन कोन १३.०८° आणि मधला १३.८४° येतो. शाळेतला कोनमापक अर्ध्या अंशापर्यंतच धड वाचता येतो, त्यामुळे ‘सगळे तेरा-साडेतेरा आहेत’ असंच दिसणार. हीच रचना १२०° च्या कोनावर करा. तिथे पेन्सिलीची जाडी, कोनमापक, काही आड येत नाही. मअ = मब असल्याने अ आणि ब जवळचे कोन ३०° चे. हिशेब केला तर मप आणि अप सारखेच निघतात, म्हणून कोन अमप ३०°. दुसऱ्या बाजूलाही ३०°. मग मधला उरतो ६०°, आणि त्रिकोण मपफ चक्क समभुज आहे. १२०° चे भाग ४०, ४०, ४० व्हायला हवे होते, झाले ३०, ६०, ३०. मधला बाजूच्याच्या दुप्पट! हे एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा, कारण सांगून जेवढं पटत नाही तेवढं हे पाहून पटतं.

असं का होतं याचं कारण दहावीच्या भूमितीतच आहे. त्रिकोण अमफ पाहा. त्यात मप ही मध्यगा आहे, कारण अप = पफ. पण कोनदुभाजकाचं प्रमेय सांगतं की कोन अमफचा दुभाजक समोरच्या बाजूला मअ : मफ या प्रमाणात विभागतो. म केंद्र आणि मअ त्रिज्या घेऊन वर्तुळ काढलं तर अब ही त्याची जीवा. फ हा जीवेच्या आत, म्हणजे वर्तुळाच्या आत आहे, म्हणून मफ ही मअ पेक्षा लहान. तेव्हा दुभाजक प वर पडूच शकत नाही, तो फ च्या जवळ सरकतो. अर्थात कोन अमप हा कोन पमफ पेक्षा नेहमीच लहान. कोन कितीही लहान घ्या, फरक कमी होतो, शून्य कधीच होत नाही.

आणि दोन भाग करताना हीच रीत का चालते? कारण तिथे दुभाजकाच्या दोन बाजूंना मअ आणि मब या सारख्या लांबी आहेत. प्रमाण १ : १ येतं आणि मध्यगा व कोनदुभाजक एकच होतात. तीन भागांत तो समतोल नाही. यासोबत एक जुना गैरसमजही जातो. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्याला रेषा जोडली की कोन दुभागला जातो असं पुष्कळांना वाटतं, पण ते फक्त लगतच्या दोन बाजू सारख्या असतील तेव्हाच खरं आहे.

यावर चांगला विद्यार्थी लगेच विचारतो: जीवा नको, वर्तुळाचा कंसच तिभागू या, समान कंसाला समान कोन असतात ना? असतात. पण कंस तिभागणं म्हणजे कोन तिभागणंच. कंस सरळ करून रेषाखंडासारखा अंथरता आला असता तर प्रश्न सुटला असता, आणि पट्टी-कंपासला तेवढंच जमत नाही.

इथे ‘जमत नाही’ याचा अर्थ अजून कुणाला सापडलं नाही असा नाही. पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलं की कोणताही दिलेला कोन तिभागेल अशी पट्टी-कंपासची रचना असूच शकत नाही. तेव्हा तो विशीतच होता, आणि प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना होता. त्याच्या सिद्धतेचा गाभा समजण्यासारखा आहे, म्हणून सांगतो.

पट्टीने रेषा काढता येते, कंपासने वर्तुळ. रेषेचं समीकरण पहिल्या घाताचं, वर्तुळाचं दुसऱ्या घाताचं. रेषा आणि वर्तुळ, किंवा दोन वर्तुळं छेदली की फार तर वर्गसमीकरण सोडवावं लागतं. म्हणून दिलेल्या एकक लांबीपासून आपल्याला ज्या लांबी मिळतात त्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्यांतूनच येतात. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत आणखी एक, कितीही वेळा चालेल, पण घनमुळाच्या जातीचं काही येणार नाही.

आता ६०° घ्या. तो तिभागायचा म्हणजे २०° चा कोन हवा, म्हणजेच २०° च्या कोसाइनएवढी (काटकोन त्रिकोणात कोनालगतची बाजू भागिले कर्ण) लांबी हवी. तिप्पट कोनाचं सूत्र असं आहे: कोनाच्या कोसाइनचा घन चारने गुणा, त्यातून कोसाइनची तिप्पट वजा करा, की तिप्पट कोनाचं कोसाइन मिळतं. ६०° चं कोसाइन अर्धा. २०° च्या कोसाइनच्या दुपटीला क्ष म्हटलं तर समीकरण येतं

क्ष³ − ३क्ष − १ = ०

याला परिमेय मूळ असेल तर ते फक्त १ किंवा −१ असू शकतं. १ घातल्यावर −३ येतं, −१ घातल्यावर १ येतं, शून्य कुठेच नाही. परिमेय मूळ नसलेल्या अशा त्रिघाती समीकरणाचं कोणतंच मूळ निव्वळ वर्गमुळांवर वर्गमुळं रचून मिळत नाही, हे बीजगणितात सिद्ध आहे. वर्गमुळाच्या प्रत्येक पायरीला गुंतागुंत फार तर दुप्पट होते. २, ४, ८, १६ असं जाताना ३ ने भाग जाणारी संख्या कधीच येत नाही. म्हणून २०° ची रचना नाही, आणि एका ६०° साठी जरी रीत नसली तरी ‘सगळ्या कोनांना चालणारी रीत’ नाही.

रेषाखंडाच्या बाबतीत असं काही आड येत नाही, कारण लांबीचा तिसरा भाग म्हणजे साधा ३ ने भागाकार. पहिल्या घाताचं समीकरण. कोनाचा तिसरा भाग मात्र तिसऱ्या घाताचं समीकरण मागतो. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर मला हेच वाटतं.

यातून ‘कोणताच कोन तिभागता येत नाही’ असा अर्थ काढू नका. काटकोन तिभागायला तर अगदी सोपा: भुजेवर समभुज त्रिकोण काढला की ६०° वेगळे होतात आणि ३०° उरतात. ४५° चे १५° होतात. १०८° चा तिसरा भाग ३६°, तो सुसम पंचकोनातून मिळतो. ६३° चा तिसरा भाग २१°, म्हणजे ३६° मधून १५° वजा. पूर्ण अंशातल्या कोनांपुरता नियम स्वच्छ आहे: अंशांची संख्या ९ ने भागली जात असेल तर कोन तिभागता येतो, नसेल तर नाही. मला फार आवडणारं उदाहरण अपूर्णांकातलं आहे. सरळकोनाच्या तीन-सप्तमांश एवढा कोन कुणी तुम्हाला काढून दिला, तर त्याची दुप्पट करा आणि सरळकोनातून वजा करा. उरतो एक-सप्तमांश, म्हणजे दिलेल्या कोनाचा बरोबर तिसरा भाग! आणि गंमत अशी की हा दिलेला कोन स्वतः पट्टी-कंपासने काढताच येत नाही, पण मिळाला तर तिभागता येतो.

पूर्ण वर्तुळाचे समान भाग करणं हा याच्या शेजारचा प्रश्न. ३, ४, ५, ६, ८, १० भाग होतात. ७ आणि ९ होत नाहीत. जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, १७ भाग होतात हे दाखवलं.

पट्टीवर खुणा करायची परवानगी दिली तर मात्र कोणताही कोन तिभागता येतो. ही रीत आर्किमिडीजच्या नावावर आहे आणि अरबी भाषांतरातून आपल्यापर्यंत पोचली. म केंद्र घेऊन वर्तुळ काढा, कोन अमबच्या भुजा त्याला अ आणि ब मध्ये छेदू देत. बम ही रेषा म च्या पलीकडे वाढवा. पट्टीच्या कडेवर त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. आता पट्टी अ मधून जाऊ द्या आणि ती अशी सरकवा की एक खूण वर्तुळावर (बिंदू क) आणि दुसरी वाढवलेल्या रेषेवर (बिंदू ड) येईल. ड जवळचा कोन हा मूळ कोनाचा तिसरा भाग.

कारण पाहा. कड = कम, म्हणून ड आणि म जवळचे कोन सारखे, प्रत्येकी समजा एक वाटा. त्रिकोण कडमचा क जवळचा बाह्यकोन दोन वाटे. कम = अम, म्हणून अ जवळचा कोनही दोन वाटे. आणि कोन अमब हा त्रिकोण अमडचा बाह्यकोन, म्हणून दोन अधिक एक, तीन वाटे. दोन समद्विभुज त्रिकोण आणि बाह्यकोनाचं प्रमेय, एवढ्यावर हे संपतं. पट्टी ‘नेमकी बसेपर्यंत सरकवणं’ ही क्रिया युक्लिडच्या नियमांत नाही, त्यामुळे वांत्झेलशी विरोध येत नाही. शिकवताना मी ही रचना कागदाच्या पट्टीवर खुणा करून मुलांकडून करवून घेतो. पट्टी हळूहळू सरकत जाते, क आणि ड दोन्ही एकदम जागेवर बसतात, त्या क्षणी वर्गात शांतता होते.

आर्किमिडीजच्या सर्पिलाने तर फरक आरपार दिसतो. या वक्रावर केंद्रापासूनचं अंतर हे फिरलेल्या कोनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे कोनाचं रूपांतर लांबीत होतं. ती लांबी समांतर रेषांनी तिभागा, केंद्रातून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, ते सर्पिलाला जिथे छेदतं तिथे कोनाचा तिसरा भाग. तीनऐवजी पाच, सात, अकरा, काहीही चालेल. कोनाला लांबीशी जोडणारा हा धागा पट्टी-कंपासकडे नाही, आणि संपूर्ण सर्पिल त्यांनी काढताही येत नाही.

प्रत्यक्ष कामासाठी, म्हणजे आरेखनात किंवा कागद दुमडताना, दुभाजनाच्याच जोरावर हवं तितकं जवळ जाता येतं. ६०° चा कोन घ्या आणि एका भुजेकडून तिसरा भाग अंदाजाने आखा, समजा तो २३° आला. उरलेले ३७° दुभागा. दुसऱ्या भुजेलगत १८.५° मिळाले. आता हे १८.५° सोडून उरलेले ४१.५° दुभागा, पहिल्या भुजेलगत २०.७५°. पुन्हा पलीकडून १९.६२५°, मग २०.१९°, मग १९.९१°. दर वेळी चूक निम्मी होते आणि बाजू बदलते. पाच दुभाजनांत तीन अंशांची चूक एक-दशांश अंशाच्या आत येते. कागदाच्या पट्टीचे घडी घालून तीन भाग करायलाही हेच करा, मोजपट्टी लागत नाही. कंसावर काम करायचं असेल तर कर्कटक अंदाजाने उघडून तीन पावलं टाका, शेवटी जेवढं कमी पडलं किंवा जास्त झालं त्याच्या तिसऱ्या हिश्शाने कर्कटक उघडा किंवा मिटा. सरावाच्या हाताला दोन-तीन फेऱ्या पुरतात.

आणि तुम्हाला किंवा आणखी कुणाला पुढे एखादी नवी ‘त्रिभाजनाची रीत’ सापडली, तर कोनमापक लावू नका. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्या रीतीने ६०° चा तिसरा भाग काढा आणि तेवढी जीवा कर्कटकात घेऊन वर्तुळावर अठरा पावलं टाका. २०° खरा असेल तर अठरावं पाऊल सुरुवातीच्या बिंदूवर पडायला हवं. तुमच्या जीवा तिभागण्याच्या रीतीने बाजूचा कोन १९.११° येतो, त्यामुळे अठराव्या पावलानंतर जवळजवळ २.८ सेंमीची फट उरते. एका पावलात जी चूक पेन्सिलीच्या रेषेसारखी बारीक वाटत होती, ती अठरा वेळा साठून डोळ्यांसमोर येते. फटीला अठराने भागा, रीत एका पावलात किती चुकते ते कळेल.